तीनशे अकरा रिकाम्या खोक्यांची व्यवस्था

मी, रादिवोय गुश्तिन, वय वर्षे सत्त्याहत्तर, सीमेवरच्या जकात नाक्याचा निवृत्त अधिकारी, राहणार कामेन्याक, घर क्रमांक चौदा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, दिवसाउजेडी लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी माझा हात धरून लिहवून घेत नाही, उलट मुलगी फोनवर म्हणते, "बाबा, एवढं कशाला लिहितोस?" जेवणासोबत लाल वाईनचा एक पेला घेतला आहे. तेवढ्याला आमच्या क्रासच्या पठारावर कोणी पिणे म्हणत नाही. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही, कारण मरायची घाई नव्हती. ती आजही नाही.

नोटरीबाईंनी सांगितले की कलमे पाडा, एका पानात आटपा आणि कारणे देऊ नका. कलमे पाडतो. कारणांचे मात्र जमणार नाही. तेहतीस वर्षे मी नाक्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला "कारण सांगा" म्हणत आलो; आता स्वतःवर पाळी आल्यावर तोंड शिवून बसणे बरे दिसत नाही.

कलम १. घर

दगडी घर, अंगणातली विहीर, द्राक्षाचा मांडव आणि मागची पाच झाडे, हे सर्व माझी एकुलती एक मुलगी तादेया हिला. ती ल्युब्लियानाला शाळेत भूगोल शिकवते. अट एकच. छपरावर ठेवलेले दगड दिसायला बरे नाहीत म्हणून काढू नयेत. आमच्याकडच्या 'बुर्या' नावाच्या वाऱ्याला कोणाच्या आवडीनिवडी कळत नाहीत. १९८५ साली शेजारच्या गावात एकाने ते काढले आणि त्याचे अर्धे छप्पर चर्चच्या आवारात सापडले.

कलम २. बँकेतली शिल्लक

तीही तादेयाला. त्यातून अंत्यविधीच्या दिवशी गावच्या बँडला जेवण घालावे. बँडने पोल्का, म्हणजे नाचाची धून, वाजवावी. रडकी धून वाजवली तर नुसते सूप द्यावे.

कलम ३. वस्तू, आपापल्या खोक्यांसह

माझ्या घरातल्या वस्तू आपापल्या खोक्यात राहतात. इस्त्री निवाली की खोक्यात जाते, कॉफीची चक्की दळून झाली की खोक्यात जाते. दुर्बीण, रेडिओ, केक करायचे साचे, सगळ्यांना आपापले घर आहे. ही शिस्त माझी नव्हे, माझ्या दिवंगत पत्नीची, गिझेलाची. नवी वस्तू घरात आली की ती आधी खोका कसा उघडतो ते बघायची, मग वस्तूकडे वळायची. शेजारणी हसायच्या. ती त्यांना शांतपणे सांगायची, "वस्तू बिघडली की माहेरी जाते. माहेरी जाताना अंगावर धड कपडे नकोत?"

आणि तिचे खरेच होते. १९८० साली घेतलेल्या टीव्हीचा खोका आमच्या ओसरीत एकोणीस वर्षे उभा होता. टीव्ही दोनदा दुरुस्तीला गेला आणि दोन्ही वेळा न्हाऊनमाखून आल्यासारखा परत आला. शेजाऱ्यांचे टीव्ही मात्र कोपरे फुटून आले. तादेया लहानपणी त्या खोक्यात बसून अभ्यास करायची. खिडकी कापायची परवानगी नव्हती. झाकण उघडूनच आत जायचे, असा तिच्या आईचा दंडक होता.

तीच तादेया आज नवी वस्तू आली की तासाभरात तिचा खोका रद्दीत टाकते. मागे तिने बूट घेतले, ते चावायला लागले आणि दुकान खोक्याशिवाय परत घेईना. तेव्हा तिचा मला फोन. म्हणाली, "बाबा, तुझ्याकडे अडतीस नंबरचा खोका असेल का रे?" होता. १९७४ सालचा, इटालियन. दुकानाने तो घेतला नाही, पण मागितला ही गोष्ट मी लक्षात ठेवली आहे.

सबब, वरील सर्व वस्तू तादेयाने ठेवाव्यात किंवा कोणालाही द्याव्यात, पण देताना खोक्यासकट द्याव्यात.

कलम ४. पुठ्ठ्यावरची पत्रे

बेडरूममधल्या कपाटात शर्टांच्या एका खोक्यात चौसष्ट पुठ्ठे आहेत. ते तादेयाला. हे पुठ्ठे म्हणजे नवीन शर्टाच्या घडीत पाठीमागे घालतात ते. त्यांवर गिझेलाने मला लिहिलेली पत्रे आहेत. ती आमच्या देशाच्या पार पूर्व टोकाकडची, शर्टांच्या कारखान्यात पॅकिंग विभागात कामाला होती. शर्टाची घडी, सहा टाचण्या, पुठ्ठा, पिशवी, दिवसभर हेच काम.

१९७१ च्या नोव्हेंबरात कारखान्याच्या युनियनची बस सीमेपलीकडे, इटलीतल्या त्रिएस्तेला खरेदीला जाऊन परत येत होती. मी तेवीस वर्षांचा, नाक्यावर सर्वांत धाकटा. त्या काळी आपली सगळी माणसे जीन्स, कॉफी, बाहुल्या, साबणचुरा असे जे मिळेल ते आणायला पलीकडे जायची, आणि जकात चुकवायची एकच रीत सर्वांना पाठ होती: नाका येण्याआधी खोके, कागद, चिठ्ठ्या फेकून द्यायच्या आणि नवी वस्तू जुनी करायची. नवे बूट चिखलात घोळायचे. तीन स्कर्ट एकावर एक चढवायचे. चार जीन्स घातलेला माणूस गुडघे वाकवू शकत नाही, तो बसमध्ये उभ्यानेच येतो आणि म्हणतो की मला उभे राहायला आवडते. त्या बसमधले सगळे असेच फुगलेले होते, आणि निष्पाप चेहरे करून खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्यात एकच मुलगी सडसडीत. तिच्या मांडीवर पारदर्शक झाकणाचा खोका, आणि खोक्यात बाहुली.

"जाहीर करण्यासारखं काही?" मी विचारले.

"बाहुली," ती म्हणाली. "खोक्यासकट."

"खोका टाकून दिला असता तर मी विचारलंही नसतं."

"धाकट्या बहिणीला द्यायचीय. तिला भेट द्यायचीय मला, चोरीचा माल नाही."

मागे कोणीतरी खोकले. मी बाहुलीची जकात घेतली, पावती फाडली आणि खाली उतरलो. बाकीच्या बसकडे माझे लक्षच गेले नाही. त्या दिवशी देशात किती कॉफी शिरली याचा अंदाज मी आजही करत नाही. दुसऱ्या आठवड्यात मी कारखान्याच्या पत्त्यावर पत्र लिहिले, की आपण खोका टाकला नाहीत याबद्दल नाका आपला आभारी आहे. उत्तर पुठ्ठ्यावर आले. चौसष्टाव्या पुठ्ठ्यावर एवढेच आहे: "येते. सामान फार नाही, पण खोके आहेत."

ही पत्रे तादेयाने वाचावीत. लाजायचे काही नाही त्यात. बारावा पुठ्ठा सोडून.

कलम ५. माळ्यावरचे खोके

आता मुख्य मुद्दा. माळ्यावर तीनशे अकरा रिकामे खोके आहेत. त्यांतल्या वस्तू माझ्या कधीच नव्हत्या.

इटलीचा नाका आणि आमचा नाका यांच्यामध्ये रस्त्याचा एक पट्टा होता. शनिवारी तिथे गाड्यांची रांग लागायची आणि रांगेत बसल्या बसल्या लोक खिडकीतून खोके फेकायचे. मग वारा सुटायचा आणि सगळे खोके पासपोर्ट न दाखवता, जकात न भरता, लोळत लोळत आमच्या कुंपणाला येऊन चिकटायचे. ते गोळा करून नाक्यामागे जाळायचे काम सर्वांत धाकट्याचे. मी आठवडाभर जाळले. मग एके दिवशी कॉफीच्या कपांचा एक खोका हाती आला. आत सहा कपांसाठी सहा खोबणी, प्रत्येकीला मऊ कागद. कोणीतरी जीव लावून केलेले काम. माझ्याने तो जाळवेना. साहेबांना विचारले, ते म्हणाले, घरी ने, पण तुझे डोके तपासून घे. तेव्हा हे सर्व परवानगीने आणलेले आहे, हे इथे नमूद करतो. ज्या देशाचा हा कचरा होता तो आमचा जुना देश फुटला, आता नकाशावर नाही, त्यामुळे परत कोणाला करायचा हा प्रश्न मिटला.

तादेयाला माळ्यावर उन्हाळ्यात राहायला एक खोली करायची आहे. गेल्या ऑगस्टात ती शिडीवर उभी राहून म्हणाली, "बाबा, आत वस्तू असत्या तर मी एक अक्षर बोलले नसते. तू नुसता रिकामेपणा जपून ठेवलायस." उत्तर सुचले नाही की माणूस हट्टाला पेटतो. मी ठरवले की मृत्युपत्रात लिहायचे: एकही खोका हलवू नये.

नोटरीबाई म्हणाल्या, लिहा, पण यादी जोडावी लागेल. म्हणून गेल्या मंगळवारी सकाळी मी माळ्यावर चढलो आणि आयुष्यात पहिल्यांदा एकेक खोका उघडून आत पाहिले. त्यातून पुढचे एक कलम बदलले आणि एक नवे निघाले.

कलम ६. दारिंका झेर्याल यांच्याबद्दलची तक्रार

घर क्रमांक सोळा, म्हणजे कुंपणापलीकडे, झ्मागो झेर्याल आणि त्याची बायको दारिंका राहतात. झ्मागो माझा शाळेपासूनचा दोस्त. दारिंका आणि गिझेला यांचे तर एका चुलीचे दोन विस्तव होते. गिझेला इथे परकी म्हणून आली तेव्हा तिला आमची भाकरी, आमचा वारा आणि आमच्या बायकांच्या जिभा सहन करायला दारिंकानेच शिकवले.

१९७८ च्या जानेवारीत तादेया जन्मली. मी सरकारी नोकर, त्या साम्यवादी राजवटीत बाप्तिस्मा केलेला कळला तर बढती विसरायची. म्हणून मे महिन्यात दूरच्या गावात गुपचूप करायचे ठरले, आणि धर्ममाता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाला हातावर घेणारी दुसरी आई, दारिंका. आठवड्यावर दिवस आला आणि दारिंकाने निरोप पाठवला की तिला जमणार नाही. कारण नाही. त्या दिवसापासून ती माझ्या घरात पाण्याचा घोटसुद्धा प्यायली नाही. मला आधी "रादो, तू" म्हणायची, ते "साहेब, तुम्ही" म्हणायला लागली. गिझेलाशी कुंपणावरून बोलायची, पण उंबरठा ओलांडायची नाही. गिझेला किती रडली ते मी पाहिले आहे. तिला वाटायचे, परक्या मुलखातली म्हणून शेवटी नाकारलीच. २०१६ साली गिझेला गेली तेव्हा दारिंका फुले घेऊन दारापर्यंत आली आणि तिथूनच परतली.

मी या बाईवर सत्तेचाळीस वर्षे राग धरला. मंगळवारपर्यंत या कलमात असे होते की माझ्या अंत्यविधीला तिला बोलावू नये.

कलम ७. सोन्याची साखळी

मंगळवारी एकशे एकोणनव्वदावा खोका उघडला. हातात धरायच्या इलेक्ट्रिक मिक्सरचा, लाल चित्राचा. आत पुठ्ठ्याची खाच जशीच्या तशी. ती उचलली तर खालच्या कोपऱ्यात मऊ कागदाची पुडी. पुडीत लहान मुलाच्या गळ्याची सोन्याची साखळी आणि चिठ्ठी. अक्षर दारिंकाचे. "तादेयाला, धर्ममातेकडून."

मी शिडीवरून खाली उतरलो. मग साखळी खिशात घालून झ्मागोकडे गेलो. तो अंगणात वाईनचे पिंप धूत होता. दारिंका भाजी आणायला गेली होती. साखळी कुठे सापडली हे ऐकल्यावर त्याच्या हातातली नळी खाली पडली, पिंप सोडून त्याचेच बूट भिजले, आणि त्याला ठाऊक होते ते सगळे बाहेर आले; उरलेले आम्ही दोघांनी चिठ्ठीवरून जुळवले.

त्या वर्षी एप्रिलात नवरा-बायको दोघेही त्रिएस्तेला गेले होते. मिक्सर घेतला. दारिंकाने चोरून साठवलेल्या पैशांतून साखळी घेतली, मिक्सरच्या खोक्यात तळाशी दडवली आणि खोका झ्मागोच्या गाडीत ठेवून स्वतः बसने पुढे आली. झ्मागोला साखळीचे सांगितले नाही, कारण त्याच्या तोंडावर सगळे वाचता येते. फक्त बजावले, की खोका उघडू नको आणि टाकू नको. झ्मागो रांगेत लागला. पुढचे खोके फेकत होते, मागचे खोके फेकत होते. त्याचा धीर सुटला. त्याने मिक्सर काढला, जुना दिसावा म्हणून त्याला गाडीतल्या पिशवीतले पीठ फासले आणि खोका खिडकीतून बाहेर. नाक्यावर मी होतो. पीठ लावलेला मिक्सर पाहून मी हसलो आणि त्याला जा म्हणालो. घरी दारिंकाने पहिला प्रश्न विचारला, खोका कुठे आहे? तिचे तोंड पाहून झ्मागो घाबरला आणि म्हणाला, "रादोने ठेवून घेतला. तपासायला."

दारिंका वाट बघत राहिली, की रादो आज पुडी आणून देईल, उद्या देईल. मला विचारणार कशी? विचारले तर जकात चुकवली हे कबूल करावे लागणार, तेही जकात अधिकाऱ्यापुढे. नवऱ्याला सांगणार कशी? चोरून साठवलेले पैसे. म्हणून ती गप्प बसली आणि तिने ठरवले, की या माणसाने चिठ्ठी वाचून, स्वतःच्या लेकीची साखळी गिळली. अशा घरात पाणी प्यायचे नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही प्यायलो नसतो. झ्मागोला साखळीचे आजवर माहीत नव्हते, पण आपण रचलेल्या थापेपासूनच ही घडी विस्कटली, एवढे त्याला पहिल्या महिन्यातच कळले होते, आणि तो सत्तेचाळीस वर्षे मूग गिळून बसला होता.

मी त्याला म्हणालो, चल, आत्ताच तिला देऊ. त्याने माझी बाही धरून ठेवली.

"रादो, तू हे मृत्युपत्रात लिही ना. तू गेल्यावर मिळेल तिला."

"म्हणजे मी चोर नव्हतो हे तिला मी मेल्यावर कळणार?"

"कळेल ना. उशिरा का होईना."

"आणि तेव्हा तू कुठं असशील?"

"मी तुझ्याआधीच जातो. माझं हृदय कसंय ते डॉक्टरांना विचार."

"तुझं हृदय वीस वर्षं जातो जातो म्हणतंय. त्याचं काही खरं नाही."

पण तो रडायला लागला. एकोणऐंशी वर्षांचा माणूस ओल्या बुटात उभा राहून रडताना बघवत नाही. म्हणून मी बुधवारी असे लिहिले: सदर साखळी माझ्या मृत्यूनंतर, आणि झ्मागो झेर्याल यांच्याही मृत्यूनंतर, यांपैकी जे नंतर घडेल तेव्हा, दारिंका झेर्याल यांना खुलाशासह द्यावी.

लिहून वाचले. आधी हसू आले, मग स्वतःचाच संताप आला. दारिंका पंचाहत्तर वर्षांची आहे. तीच आधी गेली तर? मला ती चोर समजूनच जाणार. आणि ती मागे राहिली, तरी माझ्या शवपेटीवर माती टाकताना मनात म्हणणार, जा, सोनेचोर. तिला खरे कळेल तेव्हा तिचे तोंड बघायला मी नसणार, आणि गिझेला तर नाहीच आहे. मला त्या बाईच्या तोंडचे "रादो" पुन्हा ऐकायचे होते. ते मेल्यावर ऐकून काय उपयोग? शिवाय मी नेमके काय करत होतो? सत्तेचाळीस वर्षे खोका न उघडता माळ्यावर ठेवला, आता तीच साखळी मृत्युपत्रात घालून पुन्हा माळ्यावर ठेवत होतो.

कलम ७ रद्द. खोडलेले शब्द माझेच, खोडणारा हात माझाच. रविवारी काय झाले ते खाली लिहितो. नोटरीबाईंनी राग मानू नये.

रविवारी प्रार्थनेनंतर ते दोघे जेवायला बसलेले असताना मी मिक्सरचा खोका काखेत मारून त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो. साखळी होती तशीच कोपऱ्यात ठेवली होती. झ्मागोने मला पाहिले आणि सूपमध्ये नजर खुपसली.

"या साहेब," दारिंका म्हणाली. "आज काय काम काढलंत?"

मी खोका टेबलावर ठेवला. तिने झाकण उघडले, पुठ्ठ्याची खाच उचलली आणि तिचे बोट न शोधता सरळ त्याच कोपऱ्यात गेले. पुडी काढली. चिठ्ठी वाचली. मग माझ्याकडे नाही, नवऱ्याकडे बघितले.

"झ्मागो, हा खोका कुठं होता?"

"रांगेत."

"रांगेत म्हणजे?"

"रांगेत फेकला मी. रादोने काही घेतलं नाही. तो नुसता हसला आणि जा म्हणाला."

मी पुढे सांगितले, की वाऱ्याने हा खोका कुंपणाला आणला, मी तो उचलून घरी नेला आणि मंगळवारपर्यंत उघडला नाही. दारिंकाने सूपची भांडी बाजूला सारली आणि टेबलावर डोके ठेवून रडली. तिला गिझेलाचे दुःख होते. "दारात उभी होते रे मी," ती म्हणाली. "फुलं घेऊन दारात उभी होते, आणि आत नाही आले." मीही रडलो. मला तिला समजावता येईना, कारण यात समजावण्यासारखे काही नव्हते. जे गेले ते गेले. मग तिने डोळे पुसले, नवऱ्याच्या ताटाकडे पाहिले आणि तिला एकदम हसू फुटले.

"सत्तेचाळीस वर्षं मी तुझ्या घरची कॉफी प्यायले नाही, रादो," ती म्हणाली, "आणि या माणसाला रोज तीन वेळा जेवायला घातलं."

मग तिघेही हसायला लागलो, झ्मागो जरा जपून. दुपारी चार वाजता ती माझ्याकडे आली. उंबरठ्यावर थांबली नाही. मी चक्की खोक्यातून काढली, कॉफी केली, ती दोन कप प्यायली, आणि म्हणाली की कॉफी वाईट करतोस, गिझेलाने तुला शिकवायला हवं होतं. नंतर तिने माझ्या फोनवरून तादेयाला फोन लावला. "तादेया, मी तुझी धर्ममाता बोलतेय. थोडा उशीर झालाय." तादेयाला वाटले, माझे काहीतरी बरेवाईट झाले. संध्याकाळी ती गाडी हाकत आली. साखळी चार महिन्यांच्या बाळाची, तिच्या गळ्याला कशी येणार? मनगटाभोवती दोन वेढे नीट बसले. दारिंकाने स्वतः आकडा लावला.

सबब, साखळीबद्दल या मृत्युपत्रात आता काहीही नाही. ती हयातीतच पोचली.

कलम ५, सुधारित

माळा तादेयाला, आजपासून. मी मरेपर्यंत थांबायची गरज नाही. तिने खोली करावी, खिडकी काढावी, आणि दारिंकाला पहिली पाहुणी म्हणून बोलवावे.

खोके गावच्या कार्निव्हल मंडळाला. फेब्रुवारीच्या मिरवणुकीत ते नाक्यावरच्या रांगेचा देखावा करणार आहेत. पोरे खोक्यांच्या गाड्या होणार आणि मंडळाचा अध्यक्ष चार जीन्स घालणार. जकात अधिकारी मीच होणार आहे, माझी जुनी टोपी अजून बसते. मात्र कोणताही खोका घराबाहेर पडण्याआधी दोन माणसांनी तो उघडून आत पाहावे. तादेया सध्या माळ्यावर तेच करत आहे, आणि आता तीच मला म्हणते की घाई करू नकोस. आतापर्यंत एक लोकरी मोजा, त्रिएस्तेच्या बसचे तिकीट आणि कॉफीची न फोडलेली छोटी पुडी सापडली. कॉफीला वास राहिलेला नाही, पण झ्मागोला ती करून देणार आहोत.

खोका ठेवावा की टाकावा, असे मला बरेच जण विचारतात. माझे मत: ठेवायचा तर अधूनमधून उघडा. टाकायचा तर आधी उघडा.

कलम ८. झ्मागो झेर्याल यास

मिक्सरचा रिकामा खोका. मृत्यूनंतर द्यायचा विचार होता, पण त्याच्या बायकोच्या सांगण्यावरून कालच दिला. त्याने तो बसथांब्यापासून घरापर्यंत, सगळ्यांच्या खिडक्यांसमोरून, दोन्ही हातांनी धरून नेला. आधी तो घेऊन थांब्यापर्यंत चालत जायला त्याला लावले होते तिनेच.

या दोघांना या मृत्युपत्रातून मिळण्यासारखे आता काही उरलेले नाही, आणि ज्याला काही मिळायचे नाही त्यालाच साक्षीदार होता येते, असा कायदा आहे. म्हणून साक्षीला त्यांनाच बसवले आहे. वरचा मजकूर मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. तादेया तोवर माळ्यावर होती. दारिंकाने दोनदा मध्ये दुरुस्ती सुचवली, एक मान्य केली.

एवढे लिहून मी हे मृत्युपत्र पुरे करतो. मी आनंदात आहे, हेही पुरावा म्हणून नोंदवावे.

ठिकाण: कामेन्याक. दिनांक: २० ऑक्टोबर २०२५, सोमवार.

मृत्युपत्र करणार: रादिवोय गुश्तिन (सही)

साक्षीदार पहिली: मी, दारिंका झेर्याल, हे मृत्युपत्र करणाऱ्याला पन्नासाहून अधिक वर्षे ओळखते. तो शुद्धीवर आहे. तो चोर नाही आणि कधीच नव्हता. हे मी माझ्या हाताने, चष्मा लावून लिहिले आहे. (सही)

साक्षीदार दुसरा: झ्मागो झेर्याल. वरीलप्रमाणे. (सही)

नुसते वरीलप्रमाणे चालणार नाही. नीट लिही. – दारिंका

खोका मी फेकला. झ्मागो झेर्याल. (सही)